बाबांचा २०१४ चा डबा बदलायचाय : विंडोज ११, लिनक्स की आणखी काही?

चहाबाज

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज गळ्याशी आलं म्हणून धागा काढतोय.

घरचा कॉम्प्युटर २०१४ च्या दिवाळीत पुण्याच्या तपकीर गल्लीतून पार्ट आणून असेंबल करून घेतलेला. चौथ्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, त्यावर विंडोज १०. आता अवस्था अशी की सकाळी बटण दाबून बाबा अंघोळीला जातात, पूजा आटोपून येतात, तेव्हा कुठे डेस्कटॉपवर आयकॉन उमटायला लागलेले असतात. लाइट गेली की तारीख उडी मारून मागे जाते आणि मग ब्राउझर 'ही साइट सुरक्षित नाही' म्हणत बँकेपासून पंचांगापर्यंत काहीच उघडत नाही. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्टही संपला.

वापरणारे तिघं.
बाबा, वय ७६, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. गेली अठरा वर्षं मराठीत लिहितायत. धरणांच्या आठवणी, घराण्याची वंशावळ, ज्येष्ठ नागरिक संघाचं त्रैमासिक. चारशेच्या वर फायली.
बायको, घरून तीन दुकानांचे हिशेब बघते. टॅली आणि जीएसटी.
कन्या नववीत. पायथन शिकतेय, असं ती म्हणते. मला यूट्यूब दिसतं.

बजेट चाळीस-पंचेचाळीस हजार. कुठली सिस्टीम घ्यावी? वाद नको, अनुभव सांगा. (हे टाइप करताना माझं मलाच हसू आलं.)

निवांत_नाना

जागा धरून ठेवतो. शेंगदाणे आणतो.

मोदकमूर्ती

'वाद नको' लिहून धागा काढलात? शंभरी नक्की.

टक्स_भक्त

यात विचार करण्यासारखं काय आहे? लिनक्स मिंट, विंडोजच्या जागी बसणारी फुकट सिस्टीम. गेली ९ वर्षं आमच्या घरात विंडोज नाही आणि घर अजून उभं आहे. तुमच्या आय३ वर तिची हलकी, एक्सएफसीई आवृत्ती टाका, ४ जीबीतही चालेल, ८ केलीत तर पळेल. आत्ताची २२ मालिका उबंटू २४.०४ वर बेतलेली आहे, अपडेट २०२९ पर्यंत. अँटीव्हायरसचा खर्च नाही, क्रॅक शोधत फिरणं नाही, 'अपडेट होत आहे, बंद करू नका' नाही. टाइमशिफ्ट म्हणून सोय आहे, काही बिघडलं तर कालच्या स्थितीवर परत नेऊन ठेवते. पेनड्राइव्हवरून आधी नुसतं चालवून बघा, हार्ड डिस्कला हातही लागत नाही. आवडलं तर टाका.

आणि नवीन मशीन घ्यायचंच कशाला? बारा वर्षांचा माणूस आपण भंगारात देतो का?

मोदकमूर्ती

नववीतली असेल तर विचार होऊ शकतो.

रविवार_सकाळ

थांबा. सिस्टीमचा प्रश्न नंतर. आधी मदरबोर्डवरचा गोल सेल बदला. घड्याळाच्या दुकानातसुद्धा मिळतो, चाळीस-पन्नास रुपयांत काम होतं. तारीख मागे जाते ती त्या सेलमुळे, आणि तारीख चुकली की साइटची प्रमाणपत्रं जुळत नाहीत, म्हणून ब्राउझर बोंबलतो. हॅकर नाही, व्हायरस नाही, सेल.

दुसरं, तुमचा डबा म्हातारा झालाय तो हार्ड डिस्कमुळे. आय३ अजून धडधाकट आहे. २४० किंवा २५६ जीबीची साटा एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी वेगवान डिस्क) घाला, जुनी डिस्क साठवणीला तशीच राहू द्या. मी आमच्या आईच्या तिसऱ्या पिढीच्या मशीनला घातली. आधी गॅसवर दूध ठेवून यायची, आता खुर्चीत बसेपर्यंत चालू. रॅम डीडीआर३ लागेल, ती जुनी मिळते. नव्या रॅमचे भाव मात्र २०२५ च्या अखेरीपासून असे चढलेत की सोनं बरं.

एवढं केल्यावर नवीन घ्यायचंय का ते बघा.

चहाबाज

@रविवार_सकाळ, सेलचं खरंच डोक्यात आलं नव्हतं. दुकानदार म्हणाला होता, "साहेब, बोर्ड गेला."

निवांत_नाना

दुकानदार तसंच म्हणणार. सेल विकून त्याचा चहा तरी सुटतो का?

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ, तुमच्या आय३ वर इलेव्हन सरळ बसत नाही. टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) पाहिजे, प्रोसेसर इंटेलचा आठव्या पिढीचा नाहीतर पुढचा पाहिजे. पण रुफस नावाचं टूल आहे, पेनड्राइव्ह बनवतानाच विचारते, 'ह्या अटी काढू का?' हो म्हणा अन् बसवा. म्या साळ्याच्या चौथ्या पिढीवाल्यावर बसवलं, मस्त चालून राह्यलं. फक्त वर्षाकाठी मोठं अपडेट येते ते आपोआप येत नाही, पुन्हा पेनड्राइव्ह घेऊन बसा लागते.

हिशेबनीस

@वऱ्हाडी_ठेचा, साळ्याचं ठीक आहे, पण ज्या मशीनवर दुसऱ्याचे हिशेब आणि डिजिटल सही असते तिथे हा उद्योग नको. मायक्रोसॉफ्टनेच सांगून ठेवलंय की अटी पूर्ण न करणाऱ्या मशीनला अपडेटची हमी नाही. मार्चअखेर बंद पडलं तर क्लायंटला काय रुफस दाखवणार?

धागाकर्त्यासाठी : वहिनींचा प्रश्न सरळ आहे. टॅली विंडोजचंच आहे. जीएसटीचं पोर्टल कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडेल, पण डीएससीचा (डिजिटल सहीचा) पेनड्राइव्हसारखा टोकन, त्याचा ड्रायव्हर, सही करणारं छोटं सॉफ्टवेअर, हे सगळं विंडोजवर निमूट चालतं आणि बाकी ठिकाणी भांडावं लागतं. एक्सेलच्या मॅक्रोवर चालणाऱ्या युटिलिटी लिब्रेऑफिसमध्ये (एमएस ऑफिसचा फुकट पर्याय) अर्ध्यात बसतात. मी स्वतः घरी उबंटू वापरतो, म्हणजे द्वेषाने बोलत नाहीये. ऑफिसात विंडोज.

टक्स_भक्त

लिनक्सवर विंडोजची सॉफ्टवेअर चालवायला 'वाइन' आहे, त्यावर टॅली चालतं. मी चालवून पाहिलंय.

हिशेबनीस

मीही पाहिलंय. २० तारखेला रात्री साडेअकराला, जीएसटीचं ३बी रिटर्न भरायचं बाकी असताना पाहिलंत का?

टक्स_भक्त

नाही.

इसारतीर

म्युनिकहून राम राम. 'सगळं लिनक्सवर न्या' याचा मोठा प्रयोग आमच्या या गावानेच केलाय, म्हणून लिहितो. महापालिकेने २००४ च्या सुमारास ठरवलं आणि दहाएक वर्षांत सुमारे १५ हजार मशीन लिमक्स नावाच्या स्वतःच्या लिनक्सवर नेली. मग २०१७ मध्ये नगरसभेने परत विंडोजला जायचा ठराव केला. लिनक्स हरलं असं टक्स_भक्तांना चिडवायला सांगत नाहीये. कारणांत राजकारण होतं, आणि फक्त विंडोजवर चालणारी खात्याखात्यांची जुनी सॉफ्टवेअरही होती. आता उत्तरेकडच्या श्लेसविग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये तोच रस्ता पुन्हा धरलाय, ३० हजार मशीन. त्यांनी आधी लिब्रेऑफिस, मेल वगैरे बदलायला घेतलं, सिस्टीम नंतर. मला हा क्रम शहाणपणाचा वाटतो. घरातसुद्धा आधी फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस विंडोजवरच वापरायला द्या, सहा महिन्यांनी खालची सिस्टीम बदलली तर कुणाला फारसं कळणारही नाही.

चिंचपोकळी_फास्ट

एवढ्या लांब जर्मनीला कशाला? केरळातल्या सरकारी शाळांत वर्षानुवर्षं लिनक्स आहे, त्यांची स्वतःची काइट आवृत्ती आहे. आणि आपल्या सी-डॅकचं बॉस लिनक्स २००७ मध्ये आलं ते कुणाला आठवतंय का? मी सीडी जपून ठेवली होती. सध्या गच्चीत कबुतरं पळवायला टांगलीय.

अवांतर : पार्ट घ्यायला पुणेकरांनी तपकीर गल्लीचं कौतुक सांगू नये. लॅमिंग्टन रोड तो लॅमिंग्टन रोड.

निवांत_नाना

डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणा. मुंबईकर असून रस्त्याचं नाव माहीत नाही.

चिंचपोकळी_फास्ट

नाना, टॅक्सीवाल्याला भडकमकर मार्ग सांगून बघा. तो भडकेल, मग कमरेपर्यंत वाकून लॅमिंग्टनला नेईल.

(इथे अकरा प्रतिसाद मुंबई-पुणे. वाचायचे असतील त्यांनी वाचावेत, विषयाला धरून एकही नाही. – संपादक)

शेवग्याची_शेंग

सगळ्यांनी वहिनींची टॅली आणि बारा वर्षांचा माणूस यावर लिहिलं. मूळ लेखातल्या एका ओळीवर कुणी थांबलंच नाही : अठरा वर्षं, चारशे फायली, मराठी.

चहाबाज, तुमचे बाबा कशात लिहितात? युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर सारखंच वाचता येतं ते), की जुन्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये? डब्याच्या मागे एखादं डोंगल लावलेलं आहे का?

चहाबाज

आहे की! प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टला काडेपेटीएवढं काहीतरी. मी एकदा साफसफाईत काढलं होतं तर बाबा दोन दिवस बोलले नाहीत. त्यांच्या फायली माझ्या लॅपटॉपवर उघडल्या तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता खच दिसतो.

शेवग्याची_शेंग

वाटलंच. मग ऐका, जरा लांबेल.

मी सत्तावीस वर्षं डीटीपी केलं. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, निवडणुकीची पत्रकं, सगळं. युनिकोड रुळायच्या आधी मराठी फाँट म्हणजे एक युक्ती होती. कॉम्प्युटरच्या लेखी तुम्ही इंग्रजी अक्षरंच साठवत होता, फक्त फाँटमध्ये त्या अक्षरांच्या जागी मराठी चित्रं काढून ठेवलेली. 'क'चं पोट एका घरात, काना दुसऱ्या घरात, रफार तिसऱ्या. शिवाय प्रत्येक कंपनीची घरं वेगळी. फाँट गेला की मागे उरतो तो खच. तुमच्या लॅपटॉपवर फायली बिघडलेल्या नाहीत, त्यांचा चष्मा हरवलाय.

ते डोंगल म्हणजे कुलपाची किल्ली. ते नसेल तर सॉफ्टवेअर उघडत नाही. आता गंमत बघा. नव्या मशीनला ते रुंद पोर्ट नसतं. यूएसबीला जोडायचा कन्व्हर्टर मिळतो, तो प्रिंटरला चालतो, अशा डोंगलला बहुधा चालत नाही. तुमच्या ४ जीबीच्या मशीनवर विंडोज १० बत्तीस बिटचं असण्याची दाट शक्यता आहे. विंडोज ११ बत्तीस बिटमध्ये येतच नाही, आणि डोंगलचा बत्तीस बिटचा ड्रायव्हर चौसष्ट बिटमध्ये चढत नाही. लिनक्सवर तर विचारूच नका. म्हणजे विंडोज ११ घ्या, मिंट घ्या की मॅक घ्या, बाबांच्या बाबतीत तिन्ही सारखेच.

म्हणून क्रम उलटा करा. जुना डबा मोडू नका, विकू नका, फॉरमॅट तर अजिबात मारू नका. डिस्कची नक्कल एसएसडीवर घ्या (नव्याने विंडोज टाकू नका, आहे तशी नक्कल), सेल बदला आणि इंटरनेटची वायर काढून टाका. नेट नाही तर सपोर्ट संपल्याची भीती जवळजवळ नाही. मग त्याच मशीनवर बसून एकेक फाइल युनिकोडमध्ये बदला. ज्या फाँटमध्ये टाइप झालंय त्याच फाँटचं नाव युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टर सॉफ्टवेअरला द्यायचं, नाहीतर खचाचा दुसरा खच होतो. प्रत्येक फाइलची मूळ सॉफ्टवेअरमधून पीडीएफही काढून ठेवा, पुढे शंका आली तर ताडून बघायला.

आमच्या गिऱ्हाइकांत एक कीर्तनकार होते. मुलाने प्रेमाने नवीन लॅपटॉप दिला आणि जुना भंगारवाल्याला. दोनशे कीर्तनांची टिपणं एका सीडीवर सुखरूप आहेत. वाचणारं कुणी नाही.

निवांत_नाना

शेंगदाणे बाजूला ठेवले. _/\_

टक्स_भक्त

ताई, प्रतिसाद आवडला. माझी पेनड्राइव्ह घाईची होती, मान्य. एक भर : युनिकोड झाल्यावर मात्र सिस्टीमने फरक पडत नाही. इनस्क्रिप्ट कळफलक विंडोज, लिनक्स, मॅक सगळीकडे तोच.

चहाबाज

ताई, काय बोलू! बाबांना प्रतिसाद वाचून दाखवला. 'चष्मा हरवलाय' वर दोनदा मान हलवली.

पण इनस्क्रिप्ट त्यांना येत नाही. त्यांनी १९७२ मध्ये मराठी टाइपरायटरचा क्लास केला होता, बोटं अजून तिथेच पडतात. 'मंगल' या युनिकोड फाँटमध्ये नमुना दाखवला तर म्हणाले, "हा ल आपला नाही, हिंदीतला आहे. आणि श ची मान कुणी मोडली?"

शेवग्याची_शेंग

बाबांची नजर चांगली आहे. पाकळीचा ल आणि देठाचा श ही आपली वळणं. शासनाच्या जीआरमध्येही 'पाकळीयुक्त ल' आणि 'देठयुक्त श' असंच आहे. मंगल हिंदी वळणाचा. काही युनिकोड फाँटमध्ये दोन्ही वळणं असतात आणि मजकुराची भाषा 'मराठी' निवडली की आपला ल येतो. लिब्रेऑफिसमध्ये खालच्या पट्टीत भाषा दिसते, ती हिंदी नाही ना ते बघा.

टाइपरायटरची बोटं बदलायला लावू नका. लिनक्सच्या आयबसमध्ये (भाषांचे कळफलक सांभाळणारं साधन) एम१७एन हा कळफलकांचा संच घातला की हिंदीच्या यादीत रेमिंग्टन, म्हणजे टाइपरायटरचा कळफलक, मिळतो. ळ आणि ऱ्य कुठे बसतात ते मात्र बाबांनाच तपासू द्या. विंडोजवरही टाइपरायटर आराखड्याची साधनं आहेत.

वऱ्हाडी_ठेचा

धागा कॉम्प्युटरवरून टाइपरायटरवर आला बाप्पा. अजून दोन पानं थांबा, बोरूवर येते.

सफरचंदी

पूर्ण वाचला नाही, पण मॅक मिनी घ्या. एम४ वाला १६ जीबी रॅमसकट येतो, आवाज नाही, जागा टिफिनच्या डब्याएवढी. दहा वर्षं बघायला नको.

हिशेबनीस

पूर्ण वाचला नाहीत ते दिसतंय. ५९,९०० ला लागला होता बाजारात आला तेव्हा, वर मॉनिटर-कीबोर्ड आपला. आणि टॅली?

सफरचंदी

टॅली आहे होय. मग असू दे.

रविवार_सकाळ

चहाबाज, वहिनींसाठी नवीन घेणार असाल तर रिफर्बिश्ड ऑफिस डेस्कटॉपही बघा, आठव्या पिढीचा किंवा पुढचा, म्हणजे ११ रीतसर बसेल. घेताना दुकानातच 'विन्व्हर' (winver) टाइप करून आवृत्ती आणि सेटिंगमध्ये अॅक्टिव्हेशन बघा. घरी आल्यावर पहिलं काम : डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून कपाटात. ११ मध्ये ते पुष्कळदा आपोआप चालू असतं आणि उद्या बोर्ड बदलला की डिस्क ती की मागते. ज्या खात्यात की आहे त्या खात्याचा पासवर्ड विसरलात तर मग कीर्तनकार.

चहाबाज

तीन आठवड्यांनी अहवाल देतोय. उशीर झाला कारण मार्च आणि बायको.

बायकोसाठी रिफर्बिश्ड छोटा डेस्कटॉप घेतला, नवव्या पिढीचा आय५, विंडोज ११. दुकानात विन्व्हर टाइप केल्यावर दुकानदाराने खुर्ची दिली. टॅली आणि टोकन पहिल्याच दिवशी चालले. बजेटमधून बरेच उरले.

जुना डबा : सेल ४० रुपये, एसएसडी, आहे तशी नक्कल. बत्तीस बिटच निघालं, शेंगताई. नेटची वायर काढली. आता बाबांची अंघोळ होईपर्यंत तो चालू होऊन स्क्रीनसेव्हरवर गेलेला असतो. याबद्दल बाबा किंचित नाराज आहेत. म्हणतात, पूर्वी पूजेला निवांत वेळ मिळायचा.

लेकीने उरलेल्या पैशांकडे बोट दाखवून लॅपटॉप मागितला. तूर्त माझ्या जुन्या लॅपटॉपवर तिनेच मिंट टाकलंय, मला हात लावू न देता. पायथन खरंच शिकतेय असं दिसतंय. आयबस आणि रेमिंग्टन तिनेच बसवून आजोबांना शनिवार-रविवार त्यावर बसवते. ळ सापडला. ऱ्य साठी दोघांचं भांडण झालं.

चारशेपैकी एकसष्ट फायली युनिकोड झाल्या. कन्व्हर्टर बरा आहे, पण कोयनेवरच्या लेखात सगळीकडे 'ऱ्या'चा 'र्या' करून ठेवला होता. बाबांनी लिहिलेलं 'सह्याद्रीच्या दऱ्या' तिथे 'सह्याद्रीच्या दर्या' झालं. बाबा म्हणाले, "एवढं पाणी माझ्या नोकरीत कधी अडवलं नाही."

मोदकमूर्ती

वंशावळीत एखादा आचारी असेल तर बघून घ्या. 'आचाऱ्याला शिधा दिला' चा 'आचार्याला' झाला तर घराण्याचा दर्जाच बदलायचा.

टक्स_भक्त

म्हणजे एका घरात विंडोज १०, विंडोज ११ आणि मिंट. मूळ प्रश्नाचं उत्तर 'तिन्ही'?

चहाबाज

हो ना. एक डबा बदलायला गेलो आणि दोन वाढले. विजेचं बिल आलं की धागा वर काढतो.

शेवग्याची_शेंग

छान केलंत. त्या एकसष्ट फायली आणि पीडीएफ दोन वेगळ्या ठिकाणी ठेवल्यात ना? एकाच एसएसडीवर ठेवून निवांत होऊ नका.

चहाबाज

ताई, एक प्रत लेकीच्या लॅपटॉपवर, एक पेनड्राइव्हवर. पेनड्राइव्हला बाबांनी दोऱ्याने चिठ्ठी बांधलीय, 'लेखन – पुसू नये', आणि तो देव्हाऱ्याच्या खणात ठेवलाय. देव्हाऱ्याच्या. दोनदा तपासून टाइप केलंय.